उंदीर ओढतोय कासव : हात कुठं घालायचा?

पाणकणीस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक म्हण मनात घोळते आहे. आमच्या शेजारच्या आजींकडून ती ऐकली तेव्हापासून माझं एक अडलेलं काम हलायला लागलं, म्हणून हा धागा.

मी हाँगकाँगात शाम शुई पो भागात राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो, त्याला आता तीन वर्षं झाली. ऑफिसात, बँकेत, मोठ्या दुकानांत इंग्रजीवर निभतं. खाली बाजारात मात्र कँटोनीजशिवाय पान हलत नाही. पेई हो स्ट्रीटच्या भाजीबाजारात रोज संध्याकाळी जायचं, बोट दाखवायचं आणि बोटांवर आकडे मोजायचे, असं किती दिवस चालणार? शिवाय मला ही भाषा मनापासून शिकायची होती. ज्या गल्लीत राहतो तिथल्या माणसांशी त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलता येऊ नयेत, हे मला टोचत होतं.

पहिली दोन वर्षं मी नेटानं शिकले. शिकवणी लावली, वह्या भरल्या, पाचेकशे शब्द पाठ केले. तोंड उघडलं की समोरच्याच्या कपाळावर आठ्या. कारण सूर. या भाषेत एकच अक्षर सहा सुरांत म्हणता येतं आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘क्वै’ हेच घ्या. उंच, सपाट सुरात म्हटलं तर कासव. खालून वर चढवलं तर भूत. मधल्या सपाट सुरात महाग. खालच्या सपाट सुरात कपाट, किंवा गुडघे टेकणं. मला म्हणायचं असायचं ‘फार महाग आहे’ आणि भाजीवाल्या काकूंना ऐकू यायचं भलतंच.

एका संध्याकाळी लिफ्टजवळ आमच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. निवृत्त शिक्षिका आहेत, सत्तरी ओलांडलेली. त्यांना मी इथल्या रीतीनं ‘फो फो’ म्हणते, म्हणजे आजीच. ‘दोन वर्षं झाली, काहीच पुढं सरकत नाही’ असं मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या,

‘लोउ श्यू लाय क्वै.’

लोउ श्यू म्हणजे उंदीर. लाय म्हणजे ओढणं. क्वै म्हणजे कासव. उंदीर कासव ओढतोय. मग थोडं थांबून त्यांनी पुढचा अर्धा भाग सांगितला : ‘मोउ तेंग माय सौ.’ मोउ म्हणजे नाही. तेंग म्हणजे जागा. माय सौ म्हणजे हात जवळ नेणं, कामाला हात घालणं. थोडक्यात, हात घालायला जागाच नाही.

मी घरी आले आणि बराच वेळ तेवढंच आठवत बसले. त्या मला धीर धर म्हणाल्या नाहीत, आणखी मेहनत कर असंही म्हणाल्या नाहीत. उंदराच्या अंगात बळ कमी आहे असं या म्हणीत कुठंच नाही. अडचण आहे ती कासवाच्या पाठीची. गोल, गुळगुळीत, कुठंच धरता न येणारी. इतके दिवस मी माझ्या ताकदीला दोष देत होते. ‘धरायचं कुठं?’ हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी फो फोंनी दार वाजवलं आणि एका कागदावर सहा आकडे लिहून दिले : ३ ९ ४ ० ५ २. त्यांचं काय झालं ते पुढं सांगते. आधी मला विचारायचं आहे, मराठीत याला काय म्हणाल? नेमकं हेच सांगणारी म्हण आपल्याकडे आहे का?

---

दगडफूल

फार सुंदर धागा. ‘हात घालायला जागा नाही’ हे तर थेट मराठीच वाटतंय. आपणही कामाला हातच घालतो की.

म्हणींत पहिल्यांदा आठवली ‘पालथ्या घड्यावर पाणी’, पण ती वेगळी.

---

पाणकणीस

हो, पालथ्या घड्याला इथं वेगळी म्हण आहे : बदकाच्या पाठीवरून पाणी. शिकवलेलं सगळं निथळून जातं त्या मुलाबद्दल म्हणतात. तिथं दोष घड्याचा किंवा बदकाचा. कासवाच्या म्हणीत दोष कुणाचाच नाही, म्हणून ती मला वेगळी वाटते.

---

उलटसुलट

मी कापडाच्या व्यापारानिमित्त सहा वर्षं दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौला होतो, तिथंही कँटोनीज बोलतात. ही म्हण तिथं कारखान्यांत पुष्कळदा ऐकली आहे, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. राग मानू नये.

ती तिथं हताश होऊनच म्हटली जाते. कस्टमचे कागद अडकले, कुणाची सही हवी ते कळत नाही, फोन एकाकडून दुसऱ्याकडे फिरतोय, अशा वेळी कारकून हात वर करून म्हणायचा, ‘हे म्हणजे लोउ श्यू लाय क्वै.’ त्यापुढे ‘चला, मूठ शोधू’ असं कुणी म्हणत नसे. तो एक सुस्कारा होता. ताईंनी त्यात जी आशा पाहिली ती त्यांची स्वतःची आहे. ती चांगलीच आहे, पण म्हणीच्या पदरात घालू नये असं मला वाटतं.

पुढं जाण्याची धडपड सांगायला चिनी माणसाकडे दुसरी म्हण तयार असते : शिकणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध नाव हाकणं, पुढं सरकला नाहीत तर मागं जाल. ती कँटोनीजपुरती नाही, सगळ्या चीनभर चालते. पण ग्वांगचौच्या पर्ल नदीकाठी तिचं चित्र डोळ्यांना दिसतं. पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी ड्रॅगन बोटींच्या शर्यती लागतात, त्याच्या आधी कित्येक दिवस संध्याकाळी नदीत सराव चालतो. प्रवाहाविरुद्ध निघालेल्या नावेत वल्ही थांबली की नाव कशी मागं सरकते ते काठावरून पाहिलं आहे.

---

पाणकणीस

उलटसुलट, राग कसला? तुमचं बरोबर आहे. वापरात ती सुस्काराच आहे, फो फोंचाही पहिला सूर तसाच होता. मी तो सुस्कारा प्रश्नासारखा ऐकला, एवढं मान्य करते.

पण नावेच्या म्हणीशी तुलना केल्यावर माझा मुद्दा मला जास्त पटतो. नावेत वल्हं हातात असतं. कसं मारायचं ते माहीत असतं. तिथं बळ आणि सातत्य लागतं. मी दोन वर्षं वल्हं मारल्यासारखी वागले आणि हातात वल्हं नव्हतंच. या दोन अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांना दोन वेगळ्या म्हणी आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

---

अक्षरवेडा

थोडं रचनेबद्दल. ही म्हणींची एक खास जात आहे. पहिल्या अर्ध्यात चित्र, मग क्षणभर विराम, मग दुसऱ्या अर्ध्यात उलगडा. बोलणारा बहुतेक वेळा पहिला अर्धाच म्हणतो आणि थांबतो, दुसरा ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतो. आपणही ‘नाचता येईना...’ किंवा ‘आपला तो बाळ्या...’ एवढंच म्हणून थांबतोच की. फरक असा की त्यांच्याकडे दुसरा अर्धा बरेचदा कोडं सोडवतो, आणि त्यात श्लेषही असतो.

माझा सगळ्यात आवडता नमुना : ‘भिजलेला कापूस’. उलगडा : ‘मोउ तक थान’. थान म्हणजे धनुष्याच्या तातीनं कापूस पिंजणं, आणि थान म्हणजेच नावं ठेवणं. भिजलेला कापूस पिंजता येत नाही, म्हणजेच नाव ठेवायला जागा नाही! एखादी गोष्ट उत्तम झाली की असं म्हणतात. लहानपणी गावात पिंजारी यायचा, खांद्यावर ती लांब तातीची कमान घेऊन, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही म्हण समजावून सांगावी लागणार नाही. तिकडेही पिंजारी असेच दारोदार फिरत.

हाँगकाँगचे व्यंगचित्रकार आ थो यांनी २०१४ साली एकाच चित्रात ८१ कँटोनीज म्हणी रेखाटल्या होत्या. चित्रकार ब्रॉयगलच्या १५५९ सालच्या डच म्हणींच्या चित्रावरून ती कल्पना सुचलेली. मिळालं तर जरूर बघा, प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी काहीतरी अशक्य करत असतं.

---

दगडफूल

एक बारीक शंका. उंदीर एक की अनेक?

---

अक्षरवेडा

चिनीत नामाला वचन नाही, त्यामुळे दोन्ही. गंमत म्हणजे मराठीतही ‘उंदीर’ एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच! फक्त क्रियापदावरून कळतं. धाग्याच्या शीर्षकात ताईंनी ‘ओढतोय’ लिहून एकटा करून टाकला बिचाऱ्याला.

अनेक मानले तरी अर्थ बदलत नाही. दहा उंदीर आले म्हणून पाठीला कडी फुटत नाही.

---

किनारपट्टी

मी रत्नागिरी जिल्ह्यातली, कासवांच्या संवर्धनाच्या कामात काही हंगाम वेळास आणि आसपासच्या किनाऱ्यांवर घालवले आहेत. म्हणून कासवाच्या बाजूनं बोलते.

आमच्याकडे येतं ते ऑलिव्ह रिडले, समुद्री कासव. त्याला डोकं आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. कुठल्याच समुद्री कासवाला येत नाहीत. वल्ह्यांसारखे पाय कायम बाहेर. म्हणजे उंदरानं मनावर घेतलं तर त्याला निदान वल्ह्याचं टोक तरी मिळेल. (प्रत्यक्षात कासवाला पायाला धरून ओढायचं नसतं, सांधा दुखावतो. कधी हलवावंच लागलं तर कवचाच्या कडांना दोन्ही बाजूंनी आधार देतात.)

पण म्हण जिथली आहे तिथलं कासव वेगळं. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगतुंगपासून हाँगकाँगपर्यंत, पेटीकासवाची एक जात आहे. पाठीवर तीन काळे पट्टे, तिथलं नाव ‘काम छीन क्वै’, म्हणजे पैशाचं कासव. याच्या पोटाकडच्या कवचाला बिजागरी असते. धोका वाटला की डोकं, पाय, शेपूट सगळं आत, आणि खालची झडप वर येऊन पेटी बंद. कडा कडेला भिडते. अशा कासवासमोर उंदीर उभा करा. नख रुतवायलाही फट उरत नाही. ज्या लोकांनी ही म्हण केली त्यांनी कासव नीट पाहिलेलं होतं, असं मला खात्रीनं वाटतं.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे कासव आज अतिसंकटग्रस्त आहे. ‘क्वै लिंग कोउ’ नावाची काळी कडसर जेली तिकडच्या काढ्यांच्या दुकानांत मिळते, ती परंपरेनं याच्या पोटाच्या कवचापासून करत. त्या जेलीसाठी आणि पाळण्याच्या हौसेपायी रानातली कासवं इतकी पकडली गेली की आता हाँगकाँगच्या ओढ्यांत उरलेली थोडी कासवंही चोरट्या सापळ्यांत जातात. उंदराला जे जमलं नाही ते माणसानं सापळा लावून केलं. पाणकणीसताई, तुम्ही तिथं आहात, ती जेली घेताना दुकानात विचारत जा एवढंच सांगावंसं वाटतं.

---

पाणकणीस

किनारपट्टी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. पेटीची बिजागरी वाचून अंगावर काटा आला. आणि हो, विचारेन. खालच्याच गल्लीत एक दुकान आहे.

---

रानजाई

मेहनतीवरून एक बोलू का? आपल्याकडे उठसूट ऐकवलं जातं, ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’. शाळेच्या भिंतीवर हे रंगवलेलं असायचं. मला गणित येत नव्हतं आणि मी त्या भिंतीसमोर बसून वाळू रगडायचे.

मोठी झाल्यावर वामनपंडितांचा तो अख्खा श्लोक वाचला. भर्तृहरीच्या श्लोकाचं ते मराठी रूप. आणि धक्का बसला. श्लोक प्रयत्नांच्या स्तुतीचा नाहीच! वाळूतून तेल निघेल, मृगजळानं तहान भागेल, सशाला शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन मात्र ‘धरवेना’, असा तो संपतो. आपण पहिली ओळ कापून भिंतीवर लावली आणि तिला उपदेश केलं.

‘धरवेना’ हा शब्द पाहा. इथंही धरताच येत नाही! फक्त कवीनं दोष समोरच्याच्या मूर्खपणाला दिला. मी मूर्ख नव्हते. मला अपूर्णांक म्हणजे काय हे कुणी भाकरीचे तुकडे करून दाखवलं नव्हतं. म्हणून मला उंदराची म्हण जवळची वाटते.

---

उलटसुलट

रानजाई, वामनपंडितांच्या श्लोकाच्या जवळ जाणारी कँटोनीज म्हण आहे : ‘लाय ङाउ स्योंग श्यू’, बैलाला झाडावर ओढणं. शिक्षक ‘ढ’ विद्यार्थ्याबद्दल म्हणतात. ओढणं दोन्हीकडे आहे, ‘लाय’ हाच शब्द. पण तिथं ओढणारा शिक्षक आणि बैल विद्यार्थी. कासवाच्या म्हणीत ओढणारा उंदीर म्हणजे काम करणारा स्वतः.

आणि आता मलाही जाणवतंय की शिक्षिका असलेल्या आजींनी ताईंना बैल म्हटलं नाही. दोन्ही म्हणी त्यांना येत असणार. त्यांनी उंदराची निवडली. त्या निवडीला अर्थ आहे, एवढं मी माझ्या आधीच्या प्रतिसादात भर घालून म्हणतो.

---

शिवारातला

जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवतोय, सातारा जिल्ह्यात. बैलाची म्हण आमच्या शिक्षकांच्या खोलीतही वेगळ्या शब्दांत रोज ऐकू येते, म्हणून लिहायला बसलो.

ऊसतोडणीच्या कुटुंबातला एक पोरगा चौथीत आमच्याकडे आला. वर्षातले पाच-सहा महिने फडावर, त्यामुळे शाळा तुटक. वाचता येत नव्हतं. बाराखडी पाठ म्हणायचा, सुरात, एकही चूक नाही. पण पुस्तकातल्या ‘का’वर बोट ठेवलं की गप्प. मी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास घेतला. तीन महिने. काही म्हणता काही हललं नाही. मी चिडलोही, ते आज आठवलं की वाईट वाटतं.

मग एकदा सहलीला जाताना स्टँडवर उभे होतो. गाडी आली आणि हा ओरडला, ‘गुरुजी, ही कराडची!’ मी विचारलं कशावरून. म्हणाला, पाटीवरून. मी दुसरी गाडी दाखवली. ‘ही फलटण.’ तिसरी, ‘बारामती.’ आईबापाबरोबर गावोगाव फिरताना त्यानं पाट्या तोंडओळखीनं धरल्या होत्या. त्याला अक्षर येत नव्हतं, गावं येत होती!

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि फळ्यावर वीस गावं लिहिली. कराडमधला ‘क’ कोल्हापुरात कुठं आहे ते शोध म्हटलं. फलटणमधला ‘ण’ पाटणमध्ये शोध. दिवाळीपर्यंत पोरगा वाचायला लागला. मग फडावर गेला. तिथून त्याच्या बापाचा फोन यायचा, पोरगं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचं सगळं वाचून दाखवतंय म्हणून.

आता म्हणीचं. आमच्याकडे अशा कामाला ‘शेंडा ना बुडखा’ म्हणतात. ऊस उचलायचा तर शेंड्याकडनं नाहीतर बुडख्याकडनं धरता येतो. ज्याला शेंडाही नाही आणि बुडखाही नाही ते धरायचं कसं? शहरात याचा अर्थ ‘काही संदर्भ लागत नाही’ एवढाच घेतात, पण आमची माणसं अडलेल्या कामालाही म्हणतात. ‘या खातेफोडीला शेंडा ना बुडखा, तलाठी म्हणतो तहसीलला जा.’ ताई, तुमच्या कासवाला माझ्या मते हीच जोड.

---

दगडफूल

शिवारातला, डोळ्यांत पाणी आलं.

आणि ‘शेंडा ना बुडखा’ला शंभर टक्के अनुमोदन. माझी आजी गुंतलेल्या दोऱ्याबद्दल म्हणायची, ‘टोक सापडेना’, तेही याच घरातलं. टोक सापडलं की गुंडाळी आपोआप होते म्हणायची.

---

अक्षरवेडा

ताई, ते सहा आकडे राहिले. ३ ९ ४ ० ५ २ म्हणजे काय? मी अंदाज केला आहे पण तुमच्याकडून ऐकायचंय.

---

पाणकणीस

शिवारातला, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. ‘शेंडा ना बुडखा’ मी पक्कं धरलं. आता आकडे.

कँटोनीजमध्ये हे सहा आकडे ओळीनं म्हटले की सहा सूर ओळीनं येतात. साम (३) उंच सपाट. कौ (९) खालून वर चढणारा. सेइ (४) मधला सपाट. लिंग (०) खाली घसरणारा. ङ (५) खालून किंचित वर. यी (२) खालचा सपाट. बस. इथल्या शिक्षकांना हे ठाऊक असतं, माझ्या शिकवणीत मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मला आलेख दाखवले होते, बाण दाखवले होते, आणि मी प्रत्येक शब्दाचा बाण पाठ करत होते.

आकडे मला आधीच येत होते! बाजारात रोज वापरत होते. शिवारातल्यांच्या पोराच्या गावांच्या पाट्यांसारखे. आता नवा शब्द आला की मी त्याला आकड्याशेजारी ठेवून बघते. कासव? ३ सारखं. भूत? ९ सारखं. महाग? ४ सारखं. कपाट? २ सारखं. महिन्याभरात भाजीवाल्या काकूंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. परवा ‘छोय साम’ची जुडी घेताना मी ‘महाग आहे’ म्हटलं आणि त्यांनी एका डॉलरनं भाव उतरवला. घरी येईपर्यंत मी ती जुडी छातीशी धरून आणली.

अजून एक मूठ मला मराठीनंच दिली, ती इथल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहिते. रोमन लिपीत ‘जी’ लिहितात तो उच्चार आपला ‘क’ आहे आणि ‘के’ लिहितात तो ‘ख’. ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘बी’ म्हणजे प, ‘पी’ म्हणजे ओठ मिटून म्हटलेला अस्सल फ. इंग्रजीतून शिकणारे यातच अडखळतात, आणि आपण अल्पप्राण-महाप्राण पाळण्यात शिकलेलो. ‘झेड’ लिहितात तो तर आपला ‘चूल’मधला दंत्य च! वहीत रोमन लिपी खोडून सगळं देवनागरीत लिहिलं आणि निम्मं ओझं उतरलं.

---

किनारपट्टी

चूल-मधला च! हे वाचून मीच मोठ्यानं म्हणून बघितलं.

फो फोंना ‘शेंडा ना बुडखा’ सांगितलंत का?

---

पाणकणीस

काल सांगितलं. त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं. ‘सेन्ता ना पुतखा’ असं झालं, कारण त्यांच्या भाषेत ड नाही, श नाही, ब नाही. बुडखा म्हणजे काय ते सांगायला खालून ऊस आणला. इथं रसाच्या दुकानात मिळतो. टेबलावर आडवा ठेवून दोन्ही टोकं दाखवली. त्यांनी बुडख्याकडनं धरून उचलला आणि मान हलवली. कळलं.

मग म्हणाल्या, तुझी अक्षरं लिहून दे. मी कागदावर पहिली ओळ लिहिली आणि बोट ठेवत म्हणत गेले. क लगेच आला. ख लगेच आला. ग आला तेव्हा त्यांनी पुन्हा क म्हटलं. मी घशावर हात ठेवून दाखवला, त्यांनीही स्वतःच्या घशावर ठेवला, पाच-सहा वेळा प्रयत्न केला. क, क, क. घ तर बाजूलाच राहिला. मग शेवटच्या अक्षरावर बोट गेलं. आपल्याकडे पोरं जिथं अडखळतात आणि गुरुजीही घाईनं पुढं जातात, ते.

मी म्हटलं, ‘ङ.’

फो फोंनी माझ्याकडे पाहिलं, ‘ङ!’ म्हणाल्या, आणि हाताची पाच बोटं वर केली.